चढाईला किती सूट द्यायची?

(वरवट बकाल येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कबड्डीचे नियम चढाईपटूला आणखी सोयीचे करावेत का, हा आजचा विषय. गुरुजींनी शाळेच्या मैदानावर पिढ्यान् पिढ्या पोट्ट्यांना कबड्डी शिकवली. त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत या खेळाबद्दल नुसतं गोड बोलून जाणं मला पटलं नसतं, म्हणून वादाचा विषय घेतला.

वाद असा आहे. टीव्हीवर सामना बघणाऱ्याला सतत काहीतरी घडायला हवं असतं. चढाईपटू येतो, मध्यरेषेच्या आसपास दोन-चार पावलं टाकतो, निदान रेषा ओलांडतो आणि हात हलवत परत जातो. गुण नाही, पकड नाही. अशा चार चढाया लागोपाठ झाल्या की लोक म्हणतात, खेळ थंड पडला. मग सूचना येतात. बोनससाठी समोर सहा गडी लागतात, ते पाच करा. तिसऱ्या चढाईला गुण घ्यावाच लागतो, तो नियम दुसऱ्या चढाईला लावा. एका चढाईत दोन गडी टिपले तर वरून एक गुण द्या. गावोगावच्या रात्रीच्या सामन्यांतही आयोजक यातला एखादा नियम परस्पर लावून टाकतात. हेतू चांगला असतो, गर्दी टिकावी एवढाच. पण नियम हा खेळाचा कणा आहे, तो गर्दीकडे बघून वाकवण्याआधी थांबून विचार करायला हवा.

माझं मत आधीच सांगतो. रिकामं ताटकळणं कमी करणारा नियम आला तर त्याचं स्वागत करावं. गुण स्वस्त करणारा नियम आला तर त्याला ठाम विरोध करावा. या दोन्हींत मोठं अंतर आहे आणि ते कबड्डीच्या इतिहासातच दिसतं.

कबड्डीचे लेखी नियम ज्या काळात तयार झाले, तेव्हा महाराष्ट्रात हा खेळ एकाच पद्धतीने खेळला जात नव्हता. तीन रीती होत्या. गामिनी पद्धतीत बाद झालेला गडी बाहेर बसला की बसलाच, त्याचा सगळा संघ बाद होईपर्यंत त्याला आत येता येत नसे. वेळेचं बंधन नव्हतं. समोरचा सगळा संघ बाद करणं म्हणजे लोण, ठरलेले लोण पहिल्यांदा चढवील तो जिंकला. अमर पद्धतीत उलटं, गडी बाद झाला तरी मैदान सोडायचंच नाही, समोरच्यांच्या नावावर फक्त गुण मांडायचा. आणि संजीवनी पद्धतीत आपण समोरचा एक गडी बाद केला की आपला बाद झालेला एक गडी जिवंत होऊन परत येई.

या तिन्हींत गुणांचा पाऊस कुठे पडत असेल? अर्थात अमरमध्ये. कोणी बाहेर जात नाही, चढाईपटूला समोर नेहमी भरलेलं मैदान मिळतं, हात लावत सुटायचं. आजच्या टीव्हीवाल्यांना जे हवं आहे ते तिथे आयतं होतं. तरी आपल्या पूर्वसुरींनी अमर निवडली नाही. 1921 मध्ये महाराष्ट्रात नियमांची पहिली चौकट तयार झाली ती संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालून. 1923 मध्ये समिती बसली, तिने त्या नियमांत दुरुस्त्या केल्या आणि त्याच वर्षीच्या अखिल भारतीय स्पर्धेत ते लावले गेले. पुढे 1936 मध्ये आपल्या वऱ्हाडातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगासमोर करून दाखवला. 1938 मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धेत त्याला जागा मिळाली, 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. कबड्डीमहर्षी शंकरराव तथा बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्य घालून हा खेळ गावाबाहेर नेला. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. या सगळ्या वाटचालीत मैदानाची मापं बदलली, नऊ गड्यांचे सात झाले, पण संजीवनीचं तत्त्व कोणी काढलं नाही.

ते तत्त्व नीट समजून घेऊ, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. कबड्डीतला मूळ गुण हा माणसाशी बांधलेला असतो. समोरचा एक माणूस बाहेर जातो, माझा एक माणूस आत येतो. फलकावरचा आकडा ही त्या घटनेची नोंद आहे. एका स्पर्शाने दोन्ही अंगणांतली ताकद बदलते. सातविरुद्ध चारचा सामना एकदम सहाविरुद्ध पाचचा होतो. म्हणूनच बाहेर बसलेला गडी गुडघे छातीशी घेऊन डोळे फाडून बघत असतो, त्याचं परत येणं कोणाच्या तरी चढाईवर किंवा पकडीवर अवलंबून असतं. दुसऱ्या कुठल्या खेळात बसलेल्या खेळाडूचा जीव असा टांगलेला असतो, मला ठाऊक नाही.

याच्याजोडीला काही गुण असे आहेत की त्यांनी कोणी बाहेर जात नाही आणि कोणी जिवंत होत नाही. त्यांना मी सुटे गुण म्हणतो. बोनसचा गुण सुटा. लोणाचे दोन गुण सुटे. अव्वल पकडीचा, म्हणजे तीन किंवा कमी गड्यांनी केलेल्या पकडीचा, जादा गुण सुटा. हे वाईट आहेत असं नाही. बोनस रेषा बघा. निदान रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर, बोनस रेषा तिच्या पलीकडे 1 मीटरवर. पुरुषांच्या अंगणाची खोली साडेसहा मीटर. म्हणजे बोनस घ्यायला जाणारा चढाईपटू शेवटच्या रेषेपासून पावणेदोन मीटरवर पाय ठेवतो आणि मागचा पाय हवेत असतो. कोपऱ्यातले दोन्ही रक्षक तेव्हा त्याच्या पाठीशी येऊ शकतात. इतका आत आल्याशिवाय गुण नाही, आणि समोर किमान सहा जण असल्याशिवायही नाही. भरलेल्या अंगणात खोल शिरण्याची ती मजुरी आहे, आणि ती घाम गाळून मिळते.

आता सहाचे पाच करा, पुढच्या वर्षी चार करा. समोर चारच गडी, दोन कोपरे आणि दोन मध्यरक्षक, मधे मोकळी जागा. चपळ पोऱ्या पाय टेकवून परत येईल. पुन्हा जाईल, पुन्हा टेकवेल. फलक हलत राहील, पण बाहेर बसलेला कोणी आत येणार नाही, आतला कोणी बाहेर जाणार नाही. आपण ज्या अमर पद्धतीला शंभर वर्षांपूर्वी बाजूला ठेवलं, तिच्याकडे मागच्या दाराने परत जाऊ.

तरी मी जुन्याला चिकटून बसा असं म्हणत नाही. रिकाम्या चढाईचं दुखणं खरं आहे. आघाडीवर असलेला संघ शेवटची दहा मिनिटं नुसती घालवायचा, हे आपण सगळ्यांनी मातीच्या मैदानावर पाहिलेलं आहे. दम घोटत यायचं, रेषा ओलांडायची, परत फिरायचं. समोरचे ओरडून ओरडून थकायचे. प्रेक्षकांतून हाक यायची, ‘अरे धर ना त्याले, सोडू नोको!’ पण धरणार काय, तो हाताला येईल इतका जवळ येतच नव्हता. 26 जुलै 2014 ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि तिने तीस सेकंदांचं घड्याळ आणि तिसऱ्या चढाईचा नियम घराघरांत नेला. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद.

हा नियम वरवर आक्रमणासाठी आणलेला वाटतो. पण मैदानात काय होतं ते बघा. समोरच्या सातही जणांना माहीत असतं की हा आता परत पळणार नाही, याला यावंच लागणार. कोपरारक्षक आधीच बसकण घेऊन तयार. साखळी बांधलेली. आजवर चढाईपटू वेळ निवडत होता, तिसऱ्या चढाईत निवड बचावाच्या हातात आली. जो नियम गुण वाढवायला आला त्याने पकडीला बळ दिलं. आणि तरीही खेळ रंगला, कारण दोघांपैकी कोणालाच आता गप्प बसता येत नव्हतं. शिवाय बोनस सोडला तर तिथे जो गुण मिळतो तो माणसाशी बांधलेला आहे. चढाईपटूने गडी टिपला तर तो गडी जातो, नाहीतर चढाईपटू स्वतः जातो. सुटा गुण एकही वाढलेला नाही. चांगला नियम मला असा दिसतो.

त्याचाही तोटा झाला, हे मान्य केलं पाहिजे. काही संघ आता पहिल्या दोन चढाया मुद्दाम सोडून देतात आणि सगळा डाव तिसऱ्या चढाईवर लावतात. म्हणून दुसऱ्याच चढाईला हा नियम लावा अशी मागणी निघते. मला ती लगेच झिडकारावीशी वाटत नाही. ती रिकामा वेळ कमी करते, गुणाचा भाव कमी करत नाही. पण दमाचं काय? पूर्वी चढाईचं घड्याळ म्हणजे खेळाडूचा श्वास होता. ज्याची छाती मोठी तो जास्त वेळ आत थांबायचा. दम आजही नियमात आहे, पण त्याची सत्ता घड्याळाने घेतली. चढाईपटूने ताकद जोखायची, समोरच्यांची हालचाल वाचायची, कुठला मध्यरक्षक उतावीळ आहे ते हेरायचं, यासाठी एखादी चढाई लागतेच. ती रिकामी दिसते, तरी त्या वेळात तो शिकत असतो. त्याच्याकडून तेवढी मुभाही काढून घेतली तर धडका मारणारे चढाईपटू राहतील, डोक्याने खेळणारे जातील. म्हणून हा बदल करायचाच तर आधी लहान स्पर्धेत करून पाहावा, असं माझं म्हणणं आहे.

अव्वल पकडीचा गुण सुटा आहे, मग त्याची बाजू मी कशी घेतो, असं कोणी विचारेल. घेतो. अंगणात तीन किंवा कमी गडी उरलेत, समोरून ताज्या दमाचा चढाईपटू येतोय, लोण तोंडावर आहे. अशा वेळी त्या तिघांनी त्याला लोळवला तर एकाऐवजी दोन गुण. हरत चाललेल्याला सामन्यात धरून ठेवणारा हा गुण आहे. जो वर आहे त्याला आणखी वर नेणारे सुटे गुण मला नकोत.

आणि पकडीने खेळ थंड पडतो हे तरी खरं आहे का? प्रो कबड्डीचा दहावा हंगाम आपल्या पुणेरी पलटणने जिंकला. 1 मार्च 2024, हैदराबाद, समोर हरियाणा स्टीलर्स, गुण 28-25. कर्णधार अस्लम इनामदार, आपल्याच मराठी मातीतला. त्या संघाचा आधार होता बचाव, आणि बचावाचा आधार होता इराणचा मोहम्मदरेझा शादलू. पुढच्या हंगामात तोच शादलू हरियाणाकडे गेला आणि 29 डिसेंबर 2024 ला पुण्याच्या बालेवाडीत हरियाणाने पाटणा पायरेट्सला 32-23 ने हरवून करंडक नेला. दोन्ही अंतिम सामन्यांत गुण फार नव्हते. बघणारा कोणी उठून गेला का? बाराव्या हंगामाच्या लिलावात सगळ्यात मोठी बोली लागली ती याच शादलूवर, 2 कोटी 23 लाख. तो चढाई करतो, पण त्याला मोजलेला पैसा प्रामुख्याने त्याच्या हातांच्या पकडीसाठी आहे. ज्या बाजाराच्या नावाने आपल्याला गुण वाढवायला सांगतात, त्या बाजारालाही पकडीची किंमत कळलेली आहे.

महिलांचा सामना आठवा. 7 ऑक्टोबर 2023, हांगचौची आशियाई स्पर्धा, भारत आणि चायनीज तैपेई, 26-25. भारताचं त्या स्पर्धेतलं ते शंभरावं पदक. शेवटच्या मिनिटापर्यंत एकेका गुणासाठी श्वास रोखलेला होता. सुटे गुण वाढवले असते तर हाच सामना 46-41 झाला असता आणि एका गुणाला एवढं वजन राहिलं नसतं.

आता थोडं बाहेर जाऊ. हा प्रश्न आपल्याच वाट्याला आलेला नाही. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये तो शंभर वर्षं गाजतोय. चेंडू टाकणारा एक, बॅटने मारणारा एक. 1968 मध्ये चेंडू टाकणारे इतके वरचढ झाले की बॉब गिब्सन नावाच्या खेळाडूविरुद्ध नऊ डावांच्या हिशेबाने सरासरी 1.12 धावाच निघाल्या, आणि दोन लीगपैकी एका लीगमध्ये शेकडा तीसच्या वर यश मिळवणारा फलंदाज एकच उरला, कार्ल यास्त्रझेम्स्की. मग 1969 मध्ये त्यांनी चेंडू टाकणाऱ्याच्या पायाखालचा उंचवटा 15 इंचांवरून 10 इंचांवर आणला आणि फलंदाजाला खेळावाच लागणारा टापू लहान केला. 2023 मध्ये पुन्हा बदल केले. चेंडू टाकायला 15 ते 20 सेकंदांची मुदत घातली, फलंदाज बघून आतले बहुतेक क्षेत्ररक्षक एकाच बाजूला उभे करायला बंदी घातली, मैदानातल्या गाद्या 15 इंचांऐवजी 18 इंचांच्या केल्या. सामन्याचा सरासरी वेळ 24 मिनिटांनी कमी झाला. धावत जाऊन पुढची गादी चोरण्याचे प्रकार एका हंगामात 2,486 वरून 3,503 वर गेले.

मला यातलं एकच दाखवायचं आहे. इतके बदल करताना त्यांनी धावेला हात लावला नाही. मैदानाबाहेर गेलेल्या फटक्याला दोन धावा ज्यादा द्या, असं कोणी केलं नाही. वेळ आवळली, जागा बदलली, अंतर बदललं. धाव ही धावच राहिली. आणि चेंडू टाकण्याच्या घड्याळाचा प्रयोग आधी खालच्या लीगमध्ये झाला, मग वरच्या.

क्रिकेटमध्ये 1935 साली पायचीतचा नियम बदलला तो गोलंदाजाच्या बाजूने. ऑफ यष्टीच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवरही पायचीत देता येऊ लागलं, कारण फलंदाज नुसते पॅड पुढे करून दिवस काढत होते. तोही प्रयोग म्हणून आणला, उपयोगी दिसला तेव्हा कायम झाला. आज वारं उलट आहे. आयपीएलमध्ये 2023 पासून बारावा खेळाडू आला, आणि 2024 मध्ये हैदराबादने 287 धावा केल्या, पंजाबने 262 धावांचा पाठलाग केला. रोहित शर्माने उघडपणे सांगितलं की हा नियम आपल्याला आवडत नाही, अष्टपैलू खेळाडूंची वाढ त्याने खुंटते. ज्याला धावा काढायला मोकळीक मिळते त्यानेच हे म्हणावं, यात मला मोठी गोष्ट दिसते. पोट्ट्यांनो, 262 चा पाठलाग बघताना तुम्ही नाचलात हे मला माहीत आहे. पण त्या सामन्यातला एखादा गोलंदाज तुम्हाला आज आठवतो का?

खो-खोबद्दल बोललो नाही तर आपल्या मुलींवर अन्याय होईल. पारंपरिक खो-खोत पाठलाग करणारा उठला की त्याने एक दिशा धरायची, मधली पट्टी ओलांडायची नाही, खांबापर्यंत मागे वळायचं नाही. पळणारा मात्र बसलेल्या गड्यांमधून हवा तसा फिरू शकतो. या असमानतेतच खो-खोची सगळी अक्कल आहे. खो कधी द्यायचा, कोणाला द्यायचा, पळणाऱ्याला कुठल्या पट्टीत कोंडायचं, हे सगळं त्या बंधनातून जन्मलं. 2022 मध्ये बालेवाडीत सुरू झालेल्या लीगने वझीर आणला. वझीर कुठल्याही दिशेने वळू शकतो, पट्टी ओलांडू शकतो. सूर मारून बाद केलं तर गुणही जास्त. वेग वाढला, टीव्हीवर छान दिसू लागलं, आणि त्यामुळे खो-खोला जग मिळालं हेही खरं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघं महाराष्ट्राचे, भारताचे कर्णधार. दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध जिंकले, पुरुष 54-36, महिला 78-40. मला त्याचा अभिमान आहे. पण शाळेतल्या खो-खोत वझीर आणू नका, अशी माझी क्रीडाशिक्षकांना हात जोडून विनंती आहे. बंधनात पाठलाग शिकलेली मुलगी उद्या वझीर सहज होईल. आधीच मोकळी सुटलेली मुलगी खो देण्याची वेळ कधीच शिकणार नाही.

पुन्हा कबड्डीकडे येतो, आणि आपल्या मातीकडे. आपली जमीन काळी, कपाशीची. पाऊस पडला की पायाला गोळे धरते, वाळली की ढेकळं आणि भेगा. मैदान करायचं तर वरून माती आणून पसरायची, पाणी मारायचं, फक्कीने रेषा मारायच्या. अशा मैदानावर डुबकी मारून निसटणारा प्रदीप नरवाल तयार होणं अवघड. त्याने 2017 च्या हंगामात चढाईचे 369 गुण घेतले ते मॅटवर, पायाला पकड देणारे बूट घालून. मॅटवर वळता येतं, घसरता येतं. मातीत पाय रुततो. आपल्याकडच्या पोट्ट्यांची ताकद वेगळी आहे. शेतात वाकून वाकून कंबर आणि मांड्या घट्ट झालेल्या, मनगटात जोर, आणि थांबून राहण्याची सवय. आपल्या भागातला चांगला खेळाडू बहुतेक वेळा कोपऱ्यात सापडतो. घोटा धरतो आणि सोडत नाही. त्याला कोणी हार घालत नाही, त्याचं नाव कोणी ओरडत नाही, पण जिल्ह्याचा संघ निवडताना निवड समितीला त्याच्यापाशी थांबावं लागतं.

चढाईला जास्त सूट देणारा प्रत्येक नियम या पोऱ्याची जागा आक्रसतो. जिनिंगवरच्या काट्यात एकीकडे थोडं झुकतं माप ठेवलं की शेतकऱ्याला दिसत नाही, पण वर्षाच्या शेवटी कळतं. तसंच हे आहे. एक गुण इकडे, एक अट तिकडे, आणि दहा वर्षांनी प्रशिक्षक म्हणतात की बचावपटू शिकवण्यात वेळ कशाला घालवायचा. ज्या गावात मॅट नाही, बूट नाहीत, त्या गावातल्या मुलाला वर जायचा जो एक रस्ता आहे, तो बंद होतो. चढाईला सूट मागणाऱ्यांच्या मनात हे नसतं. पण परिणाम हाच होणार आहे आणि तो आपल्यासारख्या तालुक्यांना आधी भोगावा लागणार आहे, म्हणून आपण आधी बोललं पाहिजे.

नियम बदलताना आणखी एक काळजी हवी. हांगचौमध्ये महिलांच्या सामन्याच्या दिवशीच पुरुषांचा अंतिम सामना झाला, भारत आणि इराण. 28-28 अशी बरोबरी, शेवटचा मिनिटभर खेळ राहिलेला. पवन सेहरावतची तिसरी चढाई. तो कोणाला स्पर्श न करता राखीव क्षेत्रात, म्हणजे स्पर्शाआधी जाता न येणाऱ्या कडेच्या पट्टीत, गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्या मागे तिथे गेले. एका नियमाप्रमाणे एकटा चढाईपटू बाद. दुसऱ्या नियमाप्रमाणे मागे गेलेले बचावपटूही बाद. लीगचा नियम एक, आंतरराष्ट्रीय नियम दुसरा, आणि मैदानावर कोणालाच खात्री नाही. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. खेळाडू मैदानात बसून राहिले. तासाभराने सामना पुढे सरकला आणि भारत 33-29 ने जिंकला. सुवर्णपदक आपल्याला मिळालं याचा आनंद मला आहेच, पण जगातले दोन सर्वोत्तम संघ अंतिम सामन्यात एकाच नियमाखाली खेळत आहेत की नाही हे जर त्यांनाच माहीत नसेल, तर ती खेळाची नाचक्की आहे. वरच्या लीगने प्रेक्षकांसाठी नियम बदलायचा, महासंघाने जुना ठेवायचा, गावातल्या आयोजकाने तिसराच लावायचा. अशाने चढाई वाढत नाही, भांडणं वाढतात. आपल्याकडे किती चांगले सामने रात्री दोन वाजता हमरीतुमरीवर येऊन संपले, ते इथे बसलेल्या पंचांना विचारा.

बाराव्या हंगामापासून प्रो कबड्डीत साखळी सामन्यांचीही बरोबरी सुटली पाहिजे म्हणून पाच-पाच चढायांचा जादा डाव आला. त्या डावात निदान रेषाच बोनस रेषा होते. म्हणजे बोनस रेषेपर्यंत जायचं अंतर 1 मीटरने कमी. बरोबरी फोडण्यापुरता तो उपाय ठीक आहे, तेवढ्या पाच चढायांत सुटा गुण चालून जाईल. तो तिथून उठून मुख्य सामन्यात येऊ नये, याकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघावं लागेल. लीगमध्ये आज जे अपवाद म्हणून येतं, ते उद्या शाळेच्या मैदानावर नियम म्हणून उतरतं.

काय करावं, ते माझ्या कुवतीप्रमाणे सांगतो. खेळ वेगवान व्हावा असं आयोजकांना वाटत असेल तर आधी घड्याळ सगळ्यांना दिसेल असं लावा. तीस सेकंद पंचाच्या मनगटावर असतात, चढाईपटूला आणि प्रेक्षकांना दिसत नाहीत, म्हणून पस्तीस झाले की चाळीस यावर वाद होतो. तिसरी चढाई आहे हे दाखवायला लाल फळी उचलणारा एक मुलगा बसवा, त्याला खर्च नाही. माती चांगली चाळून पसरा, म्हणजे खोल जाणाऱ्याला पडायची भीती वाटणार नाही. खोल चढाई वाढवण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही. बोनसची सहाची अट हलवू नका. अव्वल पकडीचा जादा गुण काढू नका. दुसऱ्या चढाईचा नियम पाहायचाच असेल तर किशोर गटाच्या एका स्पर्धेत एक हंगाम पाहा, प्रत्येक सामन्यात किती गडी बाद झाले आणि किती सुटे गुण पडले यांची वेगळी नोंद ठेवा, आणि मग खेळाडूंना विचारा. त्यातही बचावपटूंना आधी विचारा.

आणि राखीव क्षेत्राचा नियम प्रवेशअर्जाच्या मागे छापा. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी दोन्ही कर्णधारांना तो वाचून दाखवा आणि खाली त्यांच्या सह्या घ्या. यंदाच्या तालुका स्पर्धेचे अर्ज अजून छापायला गेलेले नाहीत असं मला मघाशी कळलं, तेव्हा हे काम या आठवड्यातच होऊ शकेल.